शिरोलीच्या जमिनीचें गणित



पाऊस किती पडला, हा प्रश्न जून उजाडला कीं आपल्याकडे घरोघरीं विचारला जातो. परंतु पडलेल्या पावसाचें जमिनीनें काय केलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः आपल्या सुखदुःखाशीं अधिक निकटचा संबंध आहे तो या दुसऱ्या प्रश्नाचा. आकाशांतून आलेलें पाणी मातींत किती मुरलें, वाफ होऊन परत वर किती गेलें आणि ओढ्यानाल्यांतून नदीस किती मिळालें, यावरच विहिरीचें पाणी, शेतांतलें पीक आणि नदीचा पूर अवलंबून असतो. या प्रश्नाचें उत्तर गणितानें काढण्याचें एक शास्त्र गेल्या अर्धशतकांत वाढीस लागलें आहे. त्याची ओळख आज करून द्यावयाची आहे. आणि विवेचन नुसतें हवेंत राहूं नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढें ठेवावयाचें आहे. तें ठिकाण म्हणजे कोल्हापूरजवळची औद्योगिक वसाहत, लोकांच्या तोंडची शिरोली एमआयडीसी.

पुण्याहून महामार्गानें कोल्हापुरास येतांना पंचगंगा ओलांडण्याच्या अलीकडे, हातकणंगले तालुक्यांत, ही शिरोली लागते. गांवाला ‘पुलाची शिरोली’ म्हणतात; नदीवरचा पूल गांवाच्या नांवांतच येऊन बसला आहे. वसाहतींत लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या फौंड्र्या आहेत, आणि त्या कास्टिंगवर पुढील काम करणारे लहानमोठे कारखाने आहेत. माणसें आणि माल यांची ने-आण महामार्गानें होते. पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यापाशीं मोजतात. तेथें ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी ठरलेली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्यें पाणी ५५ फुटांच्या वर चढलें, आणि २०२१ च्या जुलैअखेर तें ५६ फुटांच्याहि वर गेलें. दोन्ही वेळां शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखालीं गेला, मालमोटारींच्या रांगा लागल्या आणि रहदारी कांहीं दिवस तुटली. पावसाचें जमीन काय करते, हा प्रश्न येथें पांडित्याचा नाहीं, पोटापाण्याचा आहे.

आतां या शास्त्राचें मुख्य साधन पाहूं. त्यास भूपृष्ठाचें प्रतिमान म्हणतां येईल; या विषयांतील लोक त्यास ‘लँड सर्फेस मॉडेल’ म्हणतात. प्रतिमान म्हटल्यावर मातीचा नकाशा किंवा लांकडी नमुना डोळ्यांपुढें आणूं नये. हें संगणकांत मांडलेलें हिशेबाचें पुस्तक आहे. त्यांत दोन खातीं असतात. एक पाण्याचें: जमा बाजूस पाऊस, खर्चाच्या बाजूस बाष्पीभवन व वाहून जाणारें पाणी, आणि शिल्लक म्हणजे मातींतली ओल. दुसरें उष्णतेचें: जमेस सूर्याचें ऊन आणि आकाशाची ऊब, खर्चास माती तापणें, हवा तापणें आणि पाण्याची वाफ होणें. वाफेची रक्कम दोन्ही खात्यांत पडते. त्यामुळें एका खात्यांत चूक झाली कीं दुसरेंहि बिघडतें, आणि म्हणूनच हा हिशेब दिसतो तितका सोपा नाहीं.

लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२२ सालीं हवामान अंकगणितानें वर्तविण्याविषयीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हांच त्यांत माती आणि वनस्पती यांचा विचार केला होता. पुढें १९६९ सालीं स्युकुरो मानाबे यांनीं जमिनीला एका बादलीची उपमा देऊन गणित मांडलें. बादलींत १५ सेंटिमीटर पाणी मावतें; ती भरली कीं वरचें पाणी वाहून जातें; आणि ती रिती असली तर वाफ कमी होते. याच मानाबे यांस २०२१ सालीं पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आजचीं प्रतिमानें बादलीच्या फार पुढें गेलीं आहेत. ‘नोआ’ नांवाच्या प्रसिद्ध प्रतिमानांत दोन मीटर खोल मातीचे चार थर धरलेले असतात. प्रत्येक थराची ओल आणि ऊब निरनिराळी मोजली जाते. वर पानांचा विस्तार, मुळांची खोली, मातीची जात हें सारें विचारांत घेतलें जातें. परंतु तत्त्व तेंच आहे. जमाखर्च जुळला पाहिजे.

या पुस्तकांत जमेची नोंद कोण करणार? प्रतिमान स्वतः पाऊस पाडीत नाहीं. त्यास सात गोष्टी बाहेरून पुरवाव्या लागतात: पाऊस, हवेचें तपमान, हवेंतील बाष्प, हवेचा दाब, वाऱ्याचा वेग, सूर्याचें खालीं येणारें ऊन, आणि ढग व हवा यांजकडून येणारी अदृश्य ऊब. या साती गोष्टी दर तासाला किंवा दर तीन तासांला, वर्षानुवर्षें, एकहि खंड न पडतां द्याव्या लागतात. हा पुरवठा जेवढा खरा, तेवढेंच उत्तर खरें. फौंड्रीवाल्यांस हें निराळें सांगावयास नको. साचा कितीहि सुबक असो. भट्टींतील रसच बिघडला असेल तर कास्टिंग बिघडलेलेंच निघावयाचें.

जगांतील संशोधकांनीं सर्व पृथ्वीला पुरेल असा तयार पुरवठा करून ठेविला आहे. नासा या अमेरिकन संस्थेच्या ‘ग्लडास’ संग्रहांत साऱ्या भूमीचे पाव अंशाच्या चौकटींत भाग पाडलेले असून दर तीन तासांचे आंकडे मिळतात. युरोपीय केंद्राचा ‘एरा-फाइव्ह-लँड’ हा संग्रह याहून बारीक, सुमारें ९ किलोमीटरांच्या चौकटींचा आणि तासातासाचा आहे. हे संग्रह फुकट मिळतात, आणि त्यांनीं शास्त्रावर मोठेच उपकार केले आहेत. मग शिरोलीकरांनीं तेच घेऊन गणित कां करूं नये?

याचें उत्तर कोल्हापूर जिल्ह्याच्या नकाशांत आहे. आपल्या अक्षांशावर पाव अंशाची चौकट म्हणजे सुमारें २७ किलोमीटरांची बाजू. गगनबावडा ते कोल्हापूर हें अंतर सुमारें ५५ किलोमीटर. म्हणजे दोन चौकटींचा प्रवास. या दोन चौकटींत काय घडतें पाहा. गगनबावड्यास वर्षाला ५,००० मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. कोल्हापुरास सुमारें १,०००. आणि तितकेंच पूर्वेस गेलें कीं शिरोळ तालुक्यांत तो सुमारें ५०० वर येतो. शंभर किलोमीटरांत पाऊस दहापट उतरतो. अशा प्रदेशांत चौकटीची सरासरी काढली तर ती अशा एका जमिनीची होते, जी कोणाच्याच मालकीची नाहीं. घाटमाथ्याला ती कोरडी आणि पठाराला ती ओली.

याहून सूक्ष्म असा एक दोष आहे. सह्याद्रीचा माथा हा पाणलोटाचा कणा आहे. माथ्याच्या पूर्वेस पडलेला थेंब कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांतून प्रयाग चिखलीच्या संगमाकडे येतो आणि पंचगंगा होतो. पश्चिमेस पडलेला थेंब वैभववाडीकडे कोंकणांत उतरून अरबी समुद्रास मिळतो. ज्या चौकटींतून हा कणा जातो, तिच्यांत दोन्ही बाजूंचा पाऊस एकत्र कालविला जातो. मग गणितांत कोंकणचें पाणी पंचगंगेच्या खात्यावर जमा होतें, किंवा पंचगंगेचें कोंकणाच्या. तपमानाचीहि हीच गत. उंची हजार मीटरांनीं वाढली कीं हवा सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते. आणि घाटाखालचें कोंकण व घाटावरचें पठार यांची सरासरी घेतली तर ती दोहोंपैकीं एकाचीहि हवा नसते.

सरासरी किती फसवी असते याचें एक उदाहरण सर्वांच्या स्मरणांत असेल. २००५ च्या जुलै महिन्यांत मुंबईवर जो भीषण पाऊस कोसळला, त्या वेळीं चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंदला गेला, आणि कुलाब्यास अवघा ७३. दोन्हीं वेधशाळा एकाच शहरांत आहेत. एकाच चौकटींत बसतील इतक्या जवळ.

यावर कोणी म्हणेल कीं चौकटी बारीक करा म्हणजे झालें. पण जाड आंकडे बारीक चौकटींत वांटल्यानें माहिती वाढत नाहीं. नकाशा मोठा छापल्यानें गांव मोठें होत नाहीं, तसेंच हें. खरा उपाय एकच: त्या प्रदेशांत मोजलेला पाऊस आणि हवामान प्रतिमानास पुरविणें. आणि ही सामग्री आपल्याकडे नाहीं असें नाहीं. भारतीय हवामान खात्याच्या पुणें कचेरींत १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मांडून ठेविलेला आहे. तो देशांतील ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून सिद्ध केलेला आहे. हवामानाच्या इतर अंगांसाठीं भारतीय व ब्रिटिश संस्थांनीं मिळून केलेला ‘इमडा’ हा १२ किलोमीटरांचा संग्रह आहे. तो १९७९ पासूनचा. महाराष्ट्रांत ‘महावेध’ प्रकल्पानें महसूल मंडळांतून २,००० हून अधिक स्वयंचलित केंद्रें उभारलीं आहेत. शिवाय धरणांवरचे पर्जन्यमापक आहेतच.

तथापि आपला आंकडा आहे म्हणून तो खरा, असें समजण्याचें कारण नाहीं. तो प्रतिमानास देण्यापूर्वीं त्याला तीन प्रश्न विचारावे लागतात: तूं कोणत्या मापाचा, कोणत्या वेळचा आणि कोणत्या जागेचा?

प्रथम माप. आपल्याकडे पाऊस दिवसाला अमुक मिलिमीटर असा सांगतात. बहुतेक प्रतिमानें तो सेकंदाला किती, असा मागतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाचे १०० मिलिमीटर हे सेकंदाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून किंचित् अधिक होतात. हा भागाकार विसरला तर संगणक तक्रार करीत नाहीं. तो निमूटपणें ८६,४०० पट पाऊस घेऊन बसतो. इतकी मोठी चूक निदान नजरेस तरी येते. परंतु सापेक्ष आर्द्रतेचा आंकडा, तिचें बाष्पाच्या प्रमाणांत रूपांतर करतांना थोडा चुकला तर दोष दिसत नाहीं; तो केवळ वर्षभर बाष्पीभवन बिघडवीत राहतो. आणखी एक घातक प्रकार आहे. ज्या दिवशीं नोंद झाली नाहीं त्या दिवशीं तक्त्यांत कांहीं ठिकाणीं उणे ९९९९ अशी खूण घालतात, तर कांहीं ठिकाणीं शून्य. नोंद नाहीं याचा अर्थ पाऊस नाहीं असा नव्हे. उलट मुसळधार पावसांत रस्ता तुटतो, वीज जाते, आणि ज्या दिवसाची नोंद सर्वांत मोलाची तीच राहून जाते. अशा शून्यावर विसंबून केलेलें पुराचें गणित म्हणजे पूर वजा करून केलेलें गणित होय.

दुसरा प्रश्न वेळेचा. आपला पर्जन्यमापक सकाळीं साडेआठ वाजतां वाचतात, आणि आदल्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेला मांडतात. मुंबईचे ते ९४४ मिलिमीटर २६ जुलैस कोसळले, पण चोवीस तास पुरे झाले ते २७ च्या सकाळीं साडेआठला. जो मनुष्य तारीख मध्यरात्रीपासून मोजील, त्याचा पाऊस उशिरा पडेल. शिवाय प्रतिमानें ग्रिनिचच्या वेळेनें चालतात, आणि आपलें घड्याळ तिच्यापुढें साडेपांच तास. आपल्या वेळेचे आंकडे ग्रिनिचचे म्हणून दिले तर शिरोलीच्या माथ्यावरचें दुपारचें ऊन गणितांत सायंकाळीं साडेपांचला येतें. सूर्य मावळतीस आलेला आणि ऊन मात्र बाराचें, असा विचित्र देखावा निर्माण होतो.

दिवसाच्या पावसाचे तास कसे पाडावे, हाहि वेळेचाच प्रश्न. समजा, एका दिवसांत १२० मिलिमीटर पाऊस झाला. चोवीस तासांवर सारखा वांटला तर तासाला ५ मिलिमीटर. पुष्कळशी जमीन तो शांतपणें पिऊन टाकील. पण त्यांतले ६० मिलिमीटर दोन तासांत कोसळले असतील तर तीच जमीन त्यांतलें बरेंच पाणी ओढ्याकडे लोटून देईल. बेरीज एकच, परिणाम दोन. म्हणून तपमान दोन नोंदींच्या मध्यें सरळ रेषेनें भरून काढलें तरी चालतें; ऊन सूर्याच्या उंचीप्रमाणें वांटावें लागतें; आणि पावसाला तर तासातासाच्या नोंदीवांचून गत्यंतर नाहीं.

तिसरा प्रश्न जागेचा. सात गोष्टींपैकीं पाऊस तेवढा आपला घेतला आणि बाकीच्या सहा जागतिक संग्रहांतून घेतल्या, असें पुष्कळदां करावें लागतें. त्यांत धोका असा कीं आपल्या पर्जन्यमापकावर धो धो पाऊस पडत असतां त्या परक्या संग्रहांत त्याच तासाला लख्ख ऊन असावें. गणित तें ऊन खरें मानतें आणि पावसाची वाफ करूं लागतें. पाऊस आपला आणि ऊन परक्याचें, हा संसार सुखाचा होत नाहीं. सातींचा मेळ आहे कीं नाहीं, हें पाहिल्याशिवाय पुढें जाऊं नये.

पुरवठा असा निवडून टिपून झाला म्हणजे जमिनीकडे वळावें. पश्चिमेस जांभ्याची तांबडी माती, नदीकांठीं काळी. दोघींची पाणी शोषण्याची रीत निराळी. शिरोलीच्या आसपास ऊंस आहे, आणि त्याला उन्हाळ्यांत नदीचें पाणी देतात. जें प्रतिमान फक्त पाऊस जाणतें, तें मे महिन्यांत ही जमीन कोरडी ठणठणीत दाखवील. शेतांत मात्र ओल असेल. मग जूनचा पहिला पाऊस प्रतिमानांत मुरेल आणि प्रत्यक्षांत त्यांतला अधिक भाग वाहील. खुद्द वसाहतींत तर काँक्रीट, डांबर आणि पत्रे; तेथें मुरणें जवळजवळ नाहींच. जागतिक नकाशांत हें सर्व ‘शेतजमीन’ या एका शब्दांत उरकलेलें असूं शकतें. तो शब्द बदलणें हेंहि आपलेंच काम.

गणित सुरू करतांना मातींत किती ओल होती, हें कोणासच ठाऊक नसतें. म्हणून एक अंदाज धरून तींच तीं वर्षें गणितांत पुन्हां पुन्हां फिरवितात, आणि सुरुवातीच्या अंदाजाचा प्रभाव नाहींसा झाला म्हणजे मगच उत्तर हिशेबांत धरतात. लोणचें मुरल्यावांचून त्याची चव घेऊं नये, तशांतलाच हा प्रकार. खोल थर मुरावयास कित्येक वर्षें लागतात, आणि घाई करणारा येथेंच फसतो.

शेवटीं परीक्षा. जागतिक पुरवठ्यानें एकदां आणि आपल्या पुरवठ्यानें एकदां, असें दोनदां गणित करावें, आणि दोन्ही उत्तरें नदीसमोर उभीं करावीं. उपग्रहांचीहि साक्ष काढतां येते. २०१५ सालीं सोडलेला नासाचा ‘स्मॅप’ उपग्रह मातीच्या वरच्या पांच सेंटिमीटरांची ओल सांगतो. आपलें उत्तर सरस ठरलें तर उत्तम. न ठरलें तर आपल्या पर्जन्यमापकांत दोष आहे हें कळलें, हाहि लाभ लहान नाहीं. मात्र प्रतिमानाकडून त्याच्या अधिकाराबाहेरचें मागूं नये. तें जमिनीवरून किती पाणी सुटलें, तें सांगतें. त्यापुढें राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे केव्हां उघडतात, आणि नरसोबाच्या वाडीस कृष्णाच तुडुंब असली तर पंचगंगेचें पाणी कसें तुंबतें, हे हिशेब निराळे मांडून त्यास जोडावे लागतात.

मग इतक्या खटाटोपाचें फळ काय? आरंभीं सांगितलेल्या दोन पुरांकडे पुन्हां पाहा. २०१९ चा पूर अनेक दिवसांच्या संततधारेनंतर आला. २०२१ चा जुलैच्या चौथ्या आठवड्यांतील अल्पकाळच्या अतिवृष्टीनें झपाट्यानें चढला. पहिल्यांत जमीन किती तृप्त झाली होती हें कळण्यास आधींच्या आठवड्यांचा खरा हिशेब हवा; दुसऱ्यांत तासातासाचा पाऊस हवा. जूनच्या तहानलेल्या जमिनीवर पडलेले १०० मिलिमीटर आणि जुलैअखेरच्या तृप्त जमिनीवर पडलेले १०० मिलिमीटर, वर्तमानपत्रांत एकाच आंकड्यानें छापले जातात; नदी त्यांस एक मानीत नाहीं. उद्यांचा पाऊस किती, हें हवामान खात्यानें सांगावें. पण तो पाऊस कोणत्या जमिनीवर पडणार आहे, हें आज रात्रीं सांगणारें साधन हेंच आहे. भट्टींतला रस अर्ध्यावर सोडून जातां येत नाहीं. एक दिवस आधीं कळलें तर भट्टी पेटवूं नये, माल उंचावर न्यावा, कामगारांस वेळेवर घरीं धाडावें, इतकें शहाणपण शिरोलीस कोणी शिकवावयास नको. हवा आहे तो एक दिवस.

आणि तो दिवस अखेर कोणाच्या हातीं आहे? मोठ्या संगणकाच्या नव्हे. संगणक विकत मिळतो. तो त्या मनुष्याच्या हातीं आहे, जो ऐन पावसांत घाटमाथ्यावरच्या एखाद्या गांवीं सकाळीं साडेआठ वाजतां पर्जन्यमापकापाशीं जातो, नळींतलें पाणी डोळ्यांसमोर धरून वाचतो आणि तारखेसह लिहून ठेवितो. आणि यंत्र स्वयंचलित असेल तर जो त्याच्या नळ्यांतला पालापाचोळा काढतो. अशा नोंदी नियमानें ठेवणें, त्या मोकळेपणानें उपलब्ध करणें, आणि शाळा-महाविद्यालयांतून त्या वाचावयास शिकविणें, यांवर होणारा खर्च एका बुडालेल्या रस्त्याच्या तुलनेनें फारच थोडा आहे. जमिनीचे नियम सर्व पृथ्वीवर एकच आहेत आणि ते जगानें आपल्याला शोधून दिले आहेत. आपला पाऊस मात्र आपणच मोजून दिला पाहिजे. तो दुसरा कोणी मोजणार नाहीं.